थोरलीचा दहावा

आमच्या घरात भर दुपारी थोरली सून वारली आणि सोप्यात बसलेल्या पंधरा-वीस बायकांनी एकदम गळा काढला. गल्लीतून चाललेला एक सायकलवाला तो आक्रोश ऐकून खाली उतरला, टोपी काढून हातात घेतली आणि ओसरीवर बसलेल्या आबांना हळू आवाजात म्हणाला, "कवा गेली?"

आबा म्हणजे माझे वडील. त्यांनी त्याला खरं काय ते तिथल्या तिथं सांगून वाटेला लावायचं. पण आबा म्हणाले, "आत्ताच. टरकनं उडावली."

वारली ती आमची सून नव्हे. आमच्या घरात सून एकच, माझी वहिनी, आणि ती त्या वेळी चुलीपुढं बसून त्या पंधरा-वीस बायकांचा चहा गाळत होती. वारली ती टीव्हीवरची. सोमवार ते शुक्रवार, दुपारची जेवणं उरकली की लागणाऱ्या मालिकेतली. तिच्यासाठी आमच्या गावानं पुढचे दहा दिवस जो तमाशा मांडला, तो इतक्या वर्षांनी आठवला तरी माझं डोकं फिरतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. बारामतीहून इंदापूरला जाणाऱ्या रस्त्यावर, कॅनॉलच्या कडेला आमचं गाव. मी बारामतीला कॉलेजात शिकत होते, एसटीनं जाऊन-येऊन. गावात केबल नुकती आली होती आणि आमच्या आळीत रंगीत टीव्ही फक्त आमच्याकडे. त्यामुळं मालिकेची वेळ झाली की सगळी आळी आमच्या सोप्यात. माझी आई टीव्हीच्या अगदी समोर, भिंतीला टेकून, पाटावर. बाकीच्या खाली सतरंजीवर. जिचं आईशी त्या आठवड्यात बिनसलेलं असेल ती दारात, उभी.

पुरुषांची तऱ्हा आणखी निराळी. बाप्यामाणसानं बायकांची सिरियल बघणं बरं दिसत नाही, म्हणून आबा ओसरीवर दाराकडं पाठ करून बसत आणि ती ऐकत. त्यांच्याशेजारी आणखी दोघं-तिघं म्हातारे, त्यांचीही पाठ दाराकडं. सगळ्यांच्या हातात पेपरची एकेक घडी. आत काही चटका लावणारं घडलं की बाहेर पेपर हलायचे थांबत.

मालिकेतल्या माणसांना नावं होती, पण आमच्याकडं ती कुणी घेत नसे. थोरली, धाकटी, म्हातारी आणि थोरलीचा नवरा. एवढ्यावर भागायचं. बंगला पुण्या-मुंबईकडचा, जिन्याचा, घरात बायका शालू नेसून भाजी चिरायच्या, पण नाती मात्र आमच्याच गावची असल्यासारखी. थोरलीचं काम एकच, सोसणं. म्हातारीनं तिच्यावर दागिन्याच्या चोरीचा आळ घेतला, तिनं सोसला. धाकटीनं तिच्या हातावर कढत तूप सांडलं, ते सोसलं. माहेरी बाप आजारी, जाऊ दिलं नाही, तेही सोसलं. आणि सोसून झालं की ती देवापुढं उभी राहून सगळ्यांचं भलं मागायची. ते मागणं सुरू झालं की आमच्या सोप्यात पदर नाकाला लागायचे.

दुसऱ्याच्या घरातली सोसणारी सून बघायला आमच्या बायकांना फार आवडायचं. एकीनं तर कमाल केली होती. स्वतःच्या सुनेला पंचमीला माहेरी धाडलं नाही, आणि थोरलीचं माहेरपण हुकलं तेव्हा हिला रडून उचकी लागली. तिला पाणी कुणी आणून दिलं, तर त्याच सुनेनं. मी हे दाखवून दिलं तेव्हा आई माझ्यावरच डाफरली, "तुझी जीभ लई चालाया लागली हाय. कालेजात ह्येच शिकीवत्यात व्हय?"

आणि आई काय वेगळी होती? वहिनी इंदापूरकडची. लग्नाआधी तिनं नर्सिंगचा कोर्स केलेला. सोयरीक जुळवताना आईनं पै-पाहुण्यांत मिरवलं होतं, आमची सून शिकलेली हाय. लग्न झाल्यावर त्या शिक्षणाचा उपयोग काय, तर आळीतल्या कुणाला इंजेक्शन टोचायचं असलं की फुकट टोचून यायचं. बारामतीला नोकरी करते म्हटलं की आई म्हणायची, बघू. दादा म्हणायचा, आई म्हनंल तसं. माझा भाऊ दिसायला धिप्पाड, ट्रॅक्टर एका हातानं वळवायचा, पण आईसमोर त्याचं मांजर व्हायचं. आणि वहिनी बिचारी मालिका बघायची तीही तुकड्या-तुकड्यांनी. चहा ठेवायचा, आणायचा, कप गोळा करायचे, मधल्या वेळात चौकटीला टेकून पाहिलं तेवढं तिचं.

पण डोकं होतं तिला. मालिकेत थोरलीनं शाळेत मास्तरीण व्हायचं मनावर घेतलं. म्हातारीनं उभा उन्हाळा नाही-नाही म्हणून काढला. शेवटी एका दुपारी म्हातारीचं मन पालटलं, तिनं थोरलीला कुंकू लावलं, ओटी भरली आणि "जा पोरी" म्हणाली. आमच्या सोप्यात रडारड. आई तर हुंदके देत होती. त्या हुंदक्यांतच वहिनी चहाचा ट्रे घेऊन समोर आली आणि सगळ्यांच्या देखत आईला म्हणाली, "आत्या, मलाबी बारामतीच्या दवाखान्यात बोलावलंय. दिवसाचीच ड्युटी हाय. जाऊ का?"

डोळ्यांत पाणी असताना नाही म्हणायची सोय नव्हती. पंधरा बायका तोंडाकडं बघत होत्या. आईनं नाक पुसलं आणि म्हणाली, "जा की. म्या काय त्या म्हातारीवानी हाय व्हय?"

वहिनीनं वेळ बरोबर साधली होती. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी तिला पुढच्या महिन्यापासून यायला सांगितलं. तिनं पांढऱ्या साड्या धुऊन, इस्त्री करून ट्रंकेत वर काढून ठेवल्या. दिवसातून दोनदा ती ट्रंक उघडून बघायची. इतकी खूश मी तिला लग्नातही पाहिली नव्हती.

आणि मग थोरली मेली. शाळेत जायच्या पहिल्याच दिवशी. खांद्याला नवी पर्स, रस्ता ओलांडता ओलांडता घराकडं वळून हात केला आणि ट्रक आला. इतका वेळ त्या रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, नेमका तेवढ्यात ट्रक. नंतर कळलं की ते काम करणाऱ्या बाईला म्हणे सिनेमात भूमिका मिळाली होती, म्हणून तिला मालिकेतून मोकळं केलं. म्हणजे खऱ्या बाईला बरी नोकरी मिळाली म्हणून खोटी मेली, आणि खोटी मेली म्हणून आमच्या वहिनीची नोकरी जायची पाळी आली. याला काय म्हणावं? मी तर त्या वेळी जे म्हणायचं ते म्हटलं आणि आईच्या हातची चापट खाल्ली.

वरच्या आळीला एक मावशी होती. सगळं गावच तिला मावशी म्हणे. पंचक्रोशीतला एक दहावा तिनं चुकवला नव्हता, आणि मयताचे रीतिरिवाज तिच्या तोंडपाठ. रडण्याचा पहिला भर ओसरला तशी मावशीनं पदर सावरला आणि निवाडा दिला. जीव जिथं जातो तिथलं सुतक. थोरली गेली ती कुठं? या सोप्यात. सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. तेव्हा सुतक या घराला.

"पन ती टीव्हीत मेली," मी म्हणाले.

"टीव्ही कुनाचा हाय?" मावशी म्हणाली.

यावर एकही बाई हसली नाही. आईनं उठून टीव्ही बंद केला, वर कापड टाकलं आणि देवघरातला दिवा विझवून दार लोटलं. मला वाटलं, एक दिवसाचं खूळ आहे, उद्या उतरेल. उद्या सकाळी शेजारची बाई पिठलं-भाकरी घेऊन आली. ज्या घरात मयत झालं त्या घरात चूल पेटवू नये, म्हणून शेजारपाजाऱ्यांनी कडू घास आणायची आमच्याकडं रीत आहे. ती पाळली गेली. दुपारी दुसरीकडून आमटी आली. संध्याकाळी तिसरीनं खिचडी पाठवली. ज्या बायकांनी माझ्या खऱ्या चुलत्याच्या मयताला दोन वेळचं धाडताना कुरकुर केली होती, त्यांनी थोरलीसाठी लिंबाच्या लोणच्यासकट धाडलं. मी शिव्या देत देत ते जेवले. पिठलं चांगलं झालं होतं.

आबांची तर चंगळ झाली. भेटायला माणसं यायला लागली. ओसरीवर घोंगडं अंथरलं, तंबाखूची चंची पुढं ठेवली. येणारा बसायचा, जरा वेळ गप्प राहायचा, मग म्हणायचा, "वाईट झालं, आबा." आबा वर बघत म्हणायचे, "आता काय. हुनारं हुतं." इतक्या वर्षांत इतकी माणसं त्यांच्या ओसरीवर एकदम कधी आली नव्हती. एरवी त्यांचा शब्द कुणी ऐकून घेत नसे, आता त्यांच्या उसाशाला दहा जण मान डोलवत होते. माझ्या बापाला शोक इतका शोभून दिसेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी वहिनीनं विषय काढला. महिना बदलायला थोडेच दिवस राहिले होते.

आई म्हणाली, "सुतकात कुनी नवं काम धरतं का? आन मी तर म्हनते, ती नोकरीच नगं."

"तुमीच जा म्हनला हुता, आत्या."

"त्या म्हातारीनंबी म्हनलं हुतं. काय झालं? गेली का न्हाय कामाला? मेली का न्हाय? मग?"

"ती टीव्हीतली हाय."

"टीव्हीतली का हुईना, सूनच की."

दादा खाली मान घालून बसला होता. वहिनीनं त्याच्याकडं पाहिलं. तो म्हणाला, "आई म्हनती तर ऱ्हाऊ दे की. वरीसभरानं बघू." मग तो उसाला पाणी द्यायला म्हणून उठून गेला. त्या दिवशी आमच्या पाण्याची पाळीच नव्हती.

वहिनी रडली नाही. तिनं मला मागच्या दारी गाठलं आणि सांगितलं, उद्या कॉलेजला जाशील तेव्हा डॉक्टरीणबाईंना भेट आणि म्हण, घरात मयत झालंय, दहावा होईपर्यंत जागा राखून ठेवा. मी म्हणाले, वहिनी, खोटं काय बोलायचं? ती म्हणाली, "ह्यात खोटं काय हाय? घरात जा आन बग. देव कोंडल्यात, चूल बंद हाय, पिठलं लोकाच्यातनं येतंय. ह्येला मयत न्हाय म्हनत तर कशाला म्हनत्यात?"

मी गेले. दवाखान्यात, डॉक्टरीणबाईंच्या केबिनमध्ये, मान खाली घालून सांगितलं की घरात एक जण गेलंय. त्यांनी विचारलं, कोण? मी म्हणाले, थोरली सून. त्या दचकल्या. म्हणाल्या, "म्हणजे जी इथं येणार होती ती?" तेव्हा मला सगळं खरं सांगणं भाग पडलं. आता या शिकलेल्या बाई हसतील आणि आमच्या गावाची बेअब्रू होईल म्हणून मी जीव मुठीत धरून बसले. त्या हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला, काच पुसली आणि म्हणाल्या, "अगं, मलासुद्धा फार लागलं ते. तिला मारायला नको होतं गं. पेशंट बाहेर बसले होते, पण मला उठवेना."

एमबीबीएस शिकलेली बाई! बारामती काय आणि आमचं गाव काय, घरोघरी मातीच्या चुली. जागा मात्र त्यांनी राखली. दहावा झाला की दुसऱ्या दिवशी हजर झाली पाहिजे, नाहीतर दुसरी बघते, एवढं बजावलं.

इकडं सोप्यात मालिका पुन्हा सुरू झाली होती. सुतकात टीव्ही लावावा की नाही यावर दोन दिवस खल झाला, पण मावशीनं तोडगा काढला. मयताच्या घरची खबर घेणं हे सुतकात बसतं. टीव्हीवरचं कापड निघालं. थोरलीचा नवरा दाढी वाढवून तिच्या फोटोपुढं बसलेला दाखवायचे. आमच्या बायका आधी दोन दिवस त्याला बघून रडल्या. तिसऱ्या दिवशी एकीनं सुस्कारा टाकला, "बाप्यामानसानं एकट्यानं किती दिस काढायचं?"

झालं. त्या एका वाक्यानं सोपा जागा झाला. घरात मयत झालं की शुभकार्य वर्षाच्या आत उरकावं, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागतं, हे आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक. मग पोराचं लग्न वर्षाच्या आत नको का व्हायला? त्याच्या लहानग्या मुलीला कोण सांभाळणार? धाकटी चालायची नाही, ती आगाऊ आहे. शेजारच्या बंगल्यातली एक गरीब स्वभावाची पोर मालिकेत अधूनमधून फुलं तोडताना दिसायची, ती सगळ्यांना पसंत पडली. आई म्हणाली, हाडापेरानं बरी हाय, काम करंल. ज्या तोंडांनी आठवड्यापूर्वी थोरलीसाठी टाहो फोडला होता त्याच तोंडांनी तिच्या नवऱ्याची सोयरीक जुळवून टाकली, आणि तेवढ्यात चहाही मागितला. चहा शेजारच्या चुलीवरून वहिनीच आणत होती. ती चौकटीला टेकून ऐकत राहिली. चेहऱ्यावरची रेष हलली नाही तिची, पण ट्रे हातात होता तो खाली ठेवायला ती विसरली.

दहाव्या दिवशी सकाळी सगळी फौज कॅनॉलवर निघाली. भटजीला बोलवायची कुणाची छाती झाली नाही, त्याला काय सांगणार? मावशी म्हणाली, पिंड नगं, नुसता घास ठिवू. कावळा शिवला म्हणजे झालं. घरात वेगळाच घोळ झाला होता. मेलेल्याच्या आवडीचं पानात वाढतात. थोरलीला काय आवडायचं? कुणालाच सांगता येईना. वर्षभर रोज बघूनसुद्धा थोरलीला जेवताना कुणी पाहिलेलं नव्हतं. ती कायम वाढायची. मग प्रत्येकीनं स्वतःला आवडतं ते केलं. कुणी वडे, कुणी भजी, कुणी श्रीखंड. पत्रावळीवर दहीभाताचा गोळा आणि त्याभोवती हा सगळा फराळ मांडून बायका कडं करून उभ्या राहिल्या. पुरुषही आले होते, टोप्या हातात घेऊन, थोडं लांब. आबा सगळ्यांच्या पुढं.

पलीकडं बाभळीवर कावळे होते. एकही खाली येईना.

मावशीनं हात जोडले. "काय इच्छा ऱ्हायली असंल ती मनात ठिवू नगंस बाई. समदं तुज्या मनासारखं करू."

कावळा हलला नाही. एकीनं मोठ्यांदा सांगितलं, "तुज्या लेकीला संबाळू." कावळे बसूनच. दुसरी म्हणाली, "म्हातारीला बगू, तिची आबाळ हुनार न्हाय." नाही. मग आई पुढं झाली, खाकरली आणि म्हणाली, "तुज्या मालकाचं लगीन वर्साच्या आत करू. चांगली कामसू पोरगी बगितली हाय. तू घोर करू नगंस."

मी तिथंच कपाळाला हात लावला. ऊन चढायला लागलं होतं. वास लागल्यामुळं एक कुत्रं येऊन बसलं. पुरुषांच्यात चुळबुळ सुरू झाली, कुणी म्हणालं, दर्भाचा कावळा करून शिववा आन मोकळं व्हा. पण मावशी गंभीर झाली. कावळा शिवत नाही म्हणजे जीव अडकलाय. आणि अडकलाय तो कुठं, हे सगळ्यांच्या एकदमच ध्यानात आलं. बायका आईकडं बघायला लागल्या. आईचा चेहरा उतरला. इच्छा राहिलेली सून, आणि टीव्ही आमच्या सोप्यात!

तेव्हा मागून वहिनी बोलली. ती इतका वेळ पाण्याची कळशी घेऊन सगळ्यांच्या मागं उभी होती.

"तिची इच्छा नोकरीची हुती," ती म्हणाली. "नोकरीवर निघाली हुती, रस्त्यातच गेली. तुमी लेकीचं बोलला, सासूचं बोलला, नवऱ्याला दुसरी बायकू करून दिली. तिला काय पायजे हुतं, त्ये एकीच्याबी तोंडातनं आलं न्हाय. उद्या मी मेले तर माज्या घासाला कावळा शिवायचा न्हाय, आत्ताच सांगून ठिवते. तुमी हितंच हुबं ऱ्हाऊन ह्यांच्यासाठी पोरगी बगत बसचाल."

दादा कॅनॉलच्या पाण्याकडं बघत होता. आईनं दोन्ही हात जोडले आणि बाभळीकडं तोंड करून घाईघाईनं म्हणाली, "तुजी नोकरी तुज्या धाकट्या जावंला देऊ."

"दुसऱ्याच्या घरातलं काय देताय, आत्या?" वहिनी म्हणाली. "आपल्या हातातलं द्या."

मावशीनंही मान हलवली. हे तिच्या शास्त्रात बसत होतं. मेलेल्याला द्यायचा शब्द आपल्याला पाळता येईल असाच असावा लागतो. "तुमच्या घरचं मयत हाय," ती आईला म्हणाली, "शब्द तुमीच द्याया पायजे."

आईनं आधी आबांकडं पाहिलं. आबा आभाळाकडं बघत होते, गेल्या दहा दिवसांत त्यांना ती सवयच लागली होती. मग दादाकडं पाहिलं, तिथूनही काही येणार नव्हतं. मला त्या वेळी तिची दया यायला हवी होती, पण आली नाही. शेवटी ती पत्रावळीच्या दिशेनं पुटपुटली, "आमच्या सूनबाईला कामाला धाडू. उद्याच्यालाच धाडू."

"आता जरा मागं सरा समदी," वहिनी म्हणाली. "मानसं छातीवर हुबी असल्यावर कोन खाली यील?"

सगळ्या दहा-बारा पावलं मागं सरल्या. बाभळीवरून एक कावळा उतरला, दोन उड्या मारून पत्रावळीपाशी आला आणि त्यानं भजं उचललं. मग बाकीचे आले. बायकांनी हुश्श केलं, मावशीनं डोळे पुसले, कुणी म्हणालं, बगा, जीव मोकळा झाला! आबांनी टोपी घातली. दहा दिवसांत त्या बायकांना इतकं साधं सुचलं नाही की कावळा माणसाला भितो.

घरी येऊन आईनं अंघोळ केली, देवघर उघडलं, दिवा लावला. दिवसभर ती वहिनीशी बोलली नाही. दुपारी टीव्ही लागला तेव्हा सगळ्या पुन्हा जमल्या, फुलं तोडणारी पोर आज बोलते का बघायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि वहिनी एकाच एसटीनं निघालो. पांढरी साडी, केस घट्ट बांधलेले, हातात डबा. आई उंबऱ्याशी तांदूळ निवडत बसली होती. ना कुंकू, ना ओटी. मालिकेत म्हातारीनं थोरलीची ओटी भरली तेव्हा हीच बाई हुंदके देत होती. वहिनी वाकून पाया पडली आणि म्हणाली, "येते, आत्या."

आईनं सुपातून मान वर केली नाही. "मला कशाला इचारती? म्या तुला काय बोलले न्हाय. त्या कावळ्याला बोलले."

मला संताप आला. एका खोट्या बाईच्या भीतीनं झाडावरच्या पाखराला शब्द दिला, पण दारातल्या जिवंत सुनेला "जा" म्हणायला हिची जीभ रेटत नव्हती.

वहिनी सरळ उभी राहिली, पदर खोचला. "त्येच बरं हाय, आत्या," ती म्हणाली. "तुमी मला बोलला असता तर उद्या शब्द फिरवला असता."